परवा म्हणजे दोन दिवस

देवरावांच्या ओळखपत्रावर ‘प्रोग्रेस क्लार्क’ असं छापलेलं होतं, पण हैदराबादमधल्या बाळानगरच्या गल्ल्यांत त्यांना सगळे ‘खबरवाले’ म्हणत. आमची कंपनी विहिरीवरचे पंप बनवते. बनवते म्हणजे काय, जोडते. शाफ्ट, इंपेलर, बुश हे सगळे सुटे भाग बाहेरच्या अकरा लहान वर्कशॉपांतून येतात. कुणाकडे किती माल तयार आहे, कुणाचं लेथ बंद पडलंय, कुणाचा कारागीर लग्नाला म्हणून गावी गेला तो आलाच नाही, ही सगळी खबर रोज संध्याकाळी कंपनीत आणायची, हे देवरावांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी ते केलं, आधी सायकलवर आणि नंतर मोपेडवर.

फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. “फोनवर माणूस बिनधास्त थाप मारतो ताई,” ते मला म्हणायचे, “तोंडावर मारताना डोळे हलतेत.” वर्कशॉपात शिरले की मालकाशी बोलण्याआधी ते लेथखाली पडलेला लोखंडाचा चुरा बघत. चुरा चकचकीत असेल तर काम आज झालंय. काळवंडलेला असेल तर मालक जे सांगतोय ते नुसतं ऐकून घ्यायचं. चहा सगळीकडे अर्धाच कप. अकरा अर्धे कप म्हणजे साडेपाच, तेवढे पोटाला झेपतात, असं त्यांचं गणित होतं.

संध्याकाळी येऊन ते प्लॅनिंगच्या टेबलाशी उभे राहत. प्लॅनिंगवाल्याच्या कागदावर चारशे इंपेलरची तूट असली तरी देवराव छताकडे बघून म्हणायचे, “दोनशे मागवा. जास्त नक्को.” का, ते त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. आणि दोनशेच मागवले जायचे. त्या काळात आमचे पंप वेळेवर निघायचे असं नाही. पण कुठल्या वर्कशॉपात माणसं हात बांधून बसलीत, असंही कधी झालं नाही.

मग मी आले. माझं नाव चारुलता. घर गौलीगुडात, शिक्षण इंग्रजीतून, डिग्री इंजिनियरिंगची, आणि तोंड जरा फटकळ. कंपनीने मला घेतलं ते अकरा वर्कशॉपं आणि आमचा कारखाना एका जाळ्यात जोडण्यासाठी. प्रत्येक वर्कशॉपात एक टॅबलेट द्यायचा. मालकाने माल तयार झाला की त्यावर नोंद करायची, कॉम्प्युटर तूट काढणार आणि कॉम्प्युटरच ऑर्डर सोडणार. मधे माणूस नको. त्याआधी हे जाळं शांत चालेल की डगमगेल, हे गणिताने तपासायचं होतं. ते मॉडेल मी बनवलं, एकटीने, आणि मला त्याचा फार गर्व होता. तो तसाच लिहिते, लपवत नाही.

या गणितात सगळा खेळ उशिराचा असतो. गीझर गच्चीवर आणि नळ तळमजल्यावर असला की काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. गरम पाणी येत नाही म्हणून आपण नळ पिळत जातो, आणि जेव्हा येतं तेव्हा अंग भाजतं. मग घाईने थंड सोडतो, आणि थोड्या वेळाने कुडकुडतो. पाइप जितका लांब, तितका हात हलका हवा. कारखान्याचंही तेच आहे. वर्कशॉपातली खबर किती शिळी होऊन पोचते, ते आधी कळायला हवं. त्यावरून तुटीची भरपाई किती जोरात मागायची ते ठरतं.

खबर किती शिळी असते, ते सांगणारी एकच गोष्ट कंपनीत होती. देवरावांच्या डायऱ्या. दर डिसेंबरात ते कोठी बाजारातल्या फुटपाथवरून नवी डायरी घ्यायचे आणि रोज रात्री जेवणाआधी मराठीत लिहायचे. त्यांचे वडील बिलोलीकडून रेल्वेच्या कामावर इथे आले, आणि मुलाला त्यांनी हट्टाने मराठी शाळेत घातलं. अक्षर सुंदर. ‘हिम्मतराव, इंपेलर १२०, परवा झाले.’ ‘बुश ३००, काल झाले.’ पानावर तारीख, ओळीत आज, काल किंवा परवा. एवढी सोय मला कुणी करून दिली नसती. मी सहा वर्षांच्या डायऱ्या घेऊन बसले आणि मराठी वाचायला जड जात असूनही सगळ्या वाचल्या. एक तक्ता केला. आज म्हणजे शून्य, काल म्हणजे एक, परवा म्हणजे दोन.

माझी आई तारामती मराठीची शिक्षिका होती. आमच्या घरी दक्खनी बोली चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची, असा कायदा होता. रस्त्यावर मीही सगळ्या हैदराबादसारखी बोलते. ‘परसों मिले थे ना अपन’ असं म्हणते, आणि ते भेटणं कधी गेल्या महिन्यातलं असतं, कधी कॉलेजातलं. इथे ‘परसों’ म्हणजे मागे कधीतरी, यापलीकडे त्याला काही अर्थ नाही. पण घरात मराठी बोलताना ‘परवा’ म्हणजे कालच्या आदला दिवस. आईने ते माझ्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. डायरी मराठीत होती, म्हणून मी ती मराठीसारखी वाचली.

डायरी परत देताना देवराव म्हणाले होते, “नुसतं वाचून जमत नसतंय ताई. एक आठवडा माझ्यासोबत फिरा की.” मी हसून म्हटलं, “काका, ऊन बघा किती आहे.” तो डिसेंबर होता, मला जानेवारीत सिस्टिम सुरू करायची होती, आणि डिसेंबरात हैदराबादला कसलं ऊन असतं! मला मोपेडवर मागे बसायचं नव्हतं, एवढंच.

तर माझ्या तक्त्याप्रमाणे खबर जास्तीत जास्त दोन दिवस शिळी. म्हणजे पाइप आखूड. म्हणून मी कॉम्प्युटरला सांगितलं, तूट दिसली की रोज तिच्या निम्मी भरपाई माग. टॅबलेटवर माल कधी झाला ते सांगायला तीन बटणं ठेवली, आज, कल, परसों. डायरीत त्याहून जुनं काही नव्हतंच, तर चौथं बटण कशाला? कागदावर मॉडेल इतकं शांत चाललं की कारखान्याचे मुख्य शिवराज सर म्हणाले, “चारू, हे आपण पुण्याच्या युनिटलाही लावू.” देवरावांना ऑफिसात एक टेबल दिलं आणि नोंदी तपासायला सांगितलं. मोपेड शेडमध्ये उभी राहिली.

फेब्रुवारी बरा गेला. मार्चमध्ये पंपांची मागणी वाढली आणि जाळं हलायला लागलं. एका आठवड्यात हिम्मतरावांना नऊशे इंपेलरची ऑर्डर गेली. त्यांचं वर्कशॉप चौदा माणसांचं. त्यांनी सहा माणसं नवी घेतली, दोन पाळ्या केल्या. पुढचे अठरा दिवस ऑर्डर शून्य. मग पुन्हा अकराशे. मग पुन्हा शून्य. एकदा शाफ्ट डोंगराएवढे आणि बुश एक नाही, तर पुढच्या पंधरवड्यात बुशची पोती दारात आणि शाफ्टची बोंब. एप्रिलच्या शेवटी हिम्मतरावांनी नऊ माणसं घरी पाठवली. त्यातली तीन त्यांच्याकडे वीस वर्षं होती. ते कंपनीत येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, खबरवाले साब को वापस भेजो ना. ये मशीन हमको पागल कर देता.” मी त्यांना टॅबलेटवर नोंद वेळच्या वेळी करत जा, म्हणून सुनावलं.

वरून दबाव आला तेव्हा शिवराज सरांनी कारण शोधलं, आणि ते त्यांना फार लवकर सापडलं. “मॉडेल खराब नाही, डेटा खराब,” ते म्हणाले. “दोन दिवस, दोन दिवस असं लिहून ठेवलंय, आणि खरी खबर किती शिळी असायची कोण जाणे. म्हाताऱ्याने घरी बसून डायऱ्या भरल्या.” देवरावांना नोटीस गेली. खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई का करू नये, गुरुवारी चौकशीला हजर राहा. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. एकतीस वर्षांत ज्या माणसाने खबर सोडून दुसरं काही विकलं नाही, त्याच्या नावापुढे ‘खोटी माहिती’ लागणार होतं.

आणि खरं सांगते, मला ते पटलं होतं. मी मॉडेल उलटसुलट चालवून पाहिलं होतं. खबर दहा-बारा दिवस शिळी धरली तरच ते आमच्या कारखान्यासारखं हेलकावे खायचं. म्हणजे डायरी खोटं बोलत होती. मला इतका राग आला की रविवारी सकाळी मी फतेहनगरला त्यांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते.

दोन खोल्यांचं घर. पार्वतीबाईंनी मी काही बोलायच्या आत पोह्यांची बशी हातात दिली. नवऱ्याच्या नोटिशीचं त्यांना माहीत होतं, पण पाहुण्यासमोर तो विषय काढणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांची नात खाली बसून गृहपाठ करत होती, दोन वेण्या घातलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “कितवीत आहे?”

“तिसरीत गेली,” पार्वतीबाई म्हणाल्या. “बघा की, परवाच तर झाली ही. गांधी दवाखान्यात. केवढी धावपळ झाली होती!”

मी हसले. मग हसता हसता थांबले. बशी खाली ठेवली.

“काका,” मी म्हटलं, “डायरीत तुम्ही परवा लिहिता, त्या परवा म्हणजे किती दिवस?”

देवरावांना प्रश्नच कळला नाही. “परवा म्हणजे परवा. मागं झालेलं. आज नाही, काल नाही, मागं.”

“किती मागे?”

“ते माणसावर असतंय की ताई. हिम्मतरावचं परवा म्हणजे आठ-दहा दिवस. तो माल झाला की आधी झाकून ठेवतो, मग सांगतो. त्या शाफ्टवाल्या दोघा भावांचं परवा, पंधरा धरा. बुशवाली अम्मा तेवढी पक्की, तिचं परवा म्हणजे तीन दिवस.” ते मजेत सांगत होते. “प्लॅनिंगवाले चारशे म्हणायचे, तर मी मनात म्हणायचो, अरे, यातले दोनशे तर वर्कशॉपात तयार पडलेत, खबर यायचीय नुसती. म्हणून निम्मे सांगायचो, आणि ते येईपर्यंत पुन्हा मागू द्यायचो नाही.”

एकतीस वर्षं पाइपची लांबी या माणसाच्या डोक्यात होती, प्रत्येक वर्कशॉपची वेगळी. आणि मी ती सगळीकडे दोन लिहिली होती. टॅबलेटवर सगळे मालक ‘परसों’चं बटण दाबत होते, तेही खरंच सांगत होते. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मी देवरावांना त्यातलं काही सांगितलं नाही. भांडायला आलेली मी पोहे संपवून “येते काका” म्हणाले, आणि ते “या ताई” म्हणाले.

सोमवारी दुपारपर्यंत मी प्रत्येक वर्कशॉपचा खरा ‘परवा’ मॉडेलमध्ये भरला. पडद्यावर मार्च-एप्रिल जसेच्या तसे उमटले, नऊशे, शून्य, अकराशे, शून्य. मला अजून तो पडदा दिसतो. मी शिवराज सरांसाठी मेल लिहिला, चूक तक्त्यात आहे आणि तक्ता माझा आहे. पाठवण्याआधी सरांचा फोन आला. पुण्याचं नक्की होतंय, तूच जाणार, तुझं मॉडेल स्वच्छ आहे ना? मी म्हणाले, “बघते सर.” मेल ड्राफ्टमध्ये राहिला. मंगळवारी मी त्यातली दोन वाक्यं बदलली. बुधवारी आणखी एक.

गुरुवारी चौकशीत मला पाच मिनिटांसाठी बोलावलं. लांब टेबल, शिवराज सर, हेड ऑफिसची एक बाई, आणि या बाजूला देवराव, इस्त्रीचा शर्ट घालून. स्टोअरचा दिलीप त्यांना दोन दिवस समजावत होता, की डायरीवर तुमचं नाव कुठे आहे, अक्षर माझं नाही म्हणून सांगा, काय करतील? मी आत गेले तेव्हा बाईंनी नुकतंच विचारलं होतं, आणि देवराव म्हणत होते, “हौ, मीच लिहिलं. सगळं मीच लिहिलं.”

शिवराज सर माझ्याकडे वळले. “चारू, तू मराठी आहेस. इथे परवा लिहिलंय. परवा म्हणजे किती दिवस?”

देवराव माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. रविवारी त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं आणि मी हुशार मुलगी होते.

“दोन,” मी म्हणाले.

त्या एका शब्दाचा दोष कुणाला द्यायचा? आईला नाही, सरांना नाही, हैदराबादच्या बोलीला तर नाहीच. शब्द माझ्या तोंडातून गेला. देवरावांनी समोर आलेल्या कागदावर मराठीत सही केली, आणि त्याच दिवशी त्यांना मुदतीआधी निवृत्त केलं.

मेल मी पाठवला तो पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. अकरा दिवस झोप नव्हती म्हणून पाठवला, शूर झाले म्हणून नाही. तोवर मी मनात स्वतःचा राजीनामा तीनदा लिहिला होता. आणि झालं काय? काहीच नाही. शिवराज सर म्हणाले, “गुड कॅच, चारू.” ती तीन बटणं काढून मी तारखेचं कॅलेंडर लावलं, आणि निम्म्याऐवजी दहावा हिस्सा भरपाई मागायला सांगितली. सहा आठवड्यांत जाळं शांत झालं. हिम्मतरावांनी चार माणसं परत बोलावली. बाकीची पाच कुठे गेली, ते त्यांनाही माहीत नाही. देवरावांच्या नोटिशीचं मी विचारलं, तर सर म्हणाले, सही झालेली आहे, फाइल वर गेली, आता ती उकरून कुणाचं भलं होणार? मी आणखी दोनदा विचारलं, लेखी दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला पुण्याच्या तारखा विचारल्या.

मी फतेहनगरला गेले. या वेळी फोन करून गेले होते. देवराव बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. अंगात घरातला बनियन, हातात काही नाही. पार्वतीबाई आतल्या दारात उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, तक्ता, बटणं, सोमवारचा पडदा, मेल. काहीही गाळलं नाही. सांगताना मला रडू आलं आणि मला स्वतःचाच राग आला, कारण त्या खोलीत रडायचा हक्क माझा नव्हता.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “हिम्मतरावची माणसं आली का परत?”

“चार आली.”

“शाफ्टवाले?”

“त्यांचं नीट चालू आहे.”

“म्हणजे गुरुवारी तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

“मला वाटलं, मी नीट समजावलं नाही. मी घरी येऊन हिला म्हणलो, पोरीला माझं बोलणं कळलं नाही बघ. इतके दिवस मी तेच धरून बसलो.”

“मला भीती वाटली काका. नोकरीची.”

“हौ,” देवराव म्हणाले. “मलाही वाटत होती.”

आवाज चढला नव्हता. पार्वतीबाई आत निघून गेल्या, आणि आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. चहाचं कुणी विचारलं नाही. मी पिशवी उचलली. देवराव उठले, दारापर्यंत आले आणि मी चपला घालेपर्यंत उभे राहिले, पाहुण्यासाठी उभं राहतात तसे.

सवयीने माझ्या तोंडून गेलं, “येते काका.”

“नक्को ताई,” ते म्हणाले. “येऊ नका.”